उजेडाची बाजू

१

रंगूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. खेळांच्या कंपनीतल्या पोरांनी ते ठेवलं, आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि पुढे पुढे तिच्याकडे येणाऱ्या खोक्यांवरसुद्धा तेच लिहून येऊ लागलं. तिनं ते चालवून घेतलं. रंगावर पोट भरणाऱ्या बाईला रंगू म्हटलं तर त्यात रागवायचं काय, असं ती म्हणायची. रागवायची ती दुसऱ्याच गोष्टींवर: केस सुटलेल्या ब्रशवर, साय धरलेल्या रंगावर आणि तिचं वय मोजत बसणाऱ्या माणसांवर.

काम म्हटलं तर पोरखेळ. पटावर मांडायच्या खेळातले रोबो रंगवायचे. करड्या प्लॅस्टिकचे, अंगठ्याएवढे, कुणाच्या हाती करवत तर कुणाच्या खांद्यावर तोफ. पण रंगूबाईनं रंगवलेला रोबो दुकानात जात नसे. तो समोर ठेवून कारखान्यातले रंगारी रेघेला रेघ मिळवत त्याची पिल्लावळ रंगवायचे. म्हणजे रंगूबाईचा हात चुकला तर ती चूक हजारो घरांत जाऊन बसणार. ह्या गोष्टीचा तिला धाक होता आणि खरं सांगायचं तर थोडा तोराही होता.

रोज सकाळी चहा झाला की ती खिडकीशी टेबलावर बसे. रोबो आधी बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, म्हणजे धरताना त्याच्या अंगाला बोट लागत नाही. मग काळा अस्तर-रंग, मग मुख्य रंग, खाचांत पातळ काळं पाणी, कडांवर केसाएवढी उजळ रेघ आणि सगळ्यात शेवटी कपाळावरच्या काचेत पांढरा ठिपका. इतक्या लहान वस्तूवर खरा उजेड पडून काही दिसत नाही, सगळं सपाट वाटतं. म्हणून ऊन आणि सावली दोन्ही ब्रशनंच काढावी लागतात. त्याबाबत कंपनीचा नियम एकच होता. उजेड रोबोच्या डाव्या खांद्यावरून, वरून. सगळ्यांचा तोच, म्हणजे पटावर ते एकाच दुनियेतले वाटतात.

गेल्या वर्षी रंगूबाईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली, लेकीनं दिली नाही.

"आई, जिना असा, डोळे तसे, त्यात तू एकटी. आमच्याकडे चल ना."

"तुमच्याकडे येऊन करू काय? जावयाचे मोजे जुळवत बसू?"

भांडण बरेच दिवस चाललं आणि शेवटी मायलेकींत ठरलं ते असं. कंपनीकडून आलेला रोबोंचा हा नवा संच म्हणजे शेवटची कसोटी. कंपनीच्या मालकानं पाहून एकही रोबो परत पाठवला नाही, तर लेक हा विषय पुन्हा काढणार नाही. एक जरी परत आला, तर रंगूबाई ह्या दोन खोल्या सोडून लेकीकडे जाणार.

"आणि माझे रंग?"

"ते देऊन टाकू कुणाला तरी," लेक सहज म्हणाली. ते 'देऊन टाकू' रंगूबाईच्या जिव्हारी लागलं. त्याच दुपारी तिनं संचाचं खोकं फोडलं.

२

पहिले काही रोबो झकास झाले. मग एका सकाळी फळीवर वाळत ठेवलेले पाहताना तिला एक वेगळा दिसला. करवतवाला. त्याच्या उजव्या खांद्यावर उजेड होता.

तिनं भिंग लावलं. उजवा खांदा, उजवी कोपर, उजव्या गुडघ्याची वाटी, सगळीकडे ती केसाएवढी उजळ रेघ होती आणि डावी बाजू अंधारात. काम चोख होतं. हात तिचाच होता. रेघेच्या शेवटी ब्रश उचलताना तिच्याकडून एक बारीक शेपूट निघे, ती सवय तिला आयुष्यभर मोडता आली नव्हती, आणि ती शेपूटसुद्धा तिथं होती.

"घ्या," ती मोठ्यानं म्हणाली, "डावं-उजवं कळेनासं झालं म्हणायचं."

भीती वाटली ती एवढीच, की लेकीचं खरं ठरतंय. तिनं दार लावलेलं आहे ना ते पाहिलं, चोराच्या मनात चांदणं, आणि करवतवाला पुन्हा काळा करून पहिल्यापासून रंगवला. उजेड डावीकडून, वरून. प्रत्येक रेघ ओढताना ती तोंडानं "डावा, डावा" म्हणत होती. मग बुचाच्या बुडाशी तिनं खूण केली आणि तो फळीवर परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी करवतवाल्यावर उजेड उजवीकडूनच होता. आणि आता त्याच्या शेजारच्यावरही.

३

लेकीजवळ घराची दुसरी किल्ली होती. ती दुपारी आली तेव्हा रंगूबाईनं शक्य तितक्या आडून विचारलं.

"तू मध्ये येऊन गेलीस का गं? मी बाजारात असताना?"

"मी? नाही. का, काय झालं?"

"काही नाही. खुर्ची सरकलेली वाटली."

लेक फळीपाशी गेली. लहानपणी ह्याच टेबलाखाली बसून तिनं बुचांचे मनोरे रचले होते, त्यामुळे तिला कामातलं बरंच कळे. तिनं करवतवाला बुचासकट उचलला. रंगूबाईनं हातातला कप खाली ठेवला.

"ह्याला उजेड इकडून कसा?"

"तो शत्रूच्या बाजूचा आहे. त्यांचा वेगळा ठेवायचाय."

"असं कधी असतं?"

"ह्या खेळात असतं. मालकाचं डोकं, मी काय करू."

लेकीनं रोबो ठेवला आणि आईची हनुवटी धरून तिचं तोंड खिडकीकडे वळवलं, अगदी रंगूबाई तिचं वळवायची तसं, डोळ्यात कचरा गेल्यावर. बराच वेळ ती त्या बऱ्या केलेल्या डोळ्यात पाहत राहिली.

"खरं सांग आई, दिसतंय ना नीट?"

"तुझ्या नाकावर पुटकुळी आलीय, ती दिसतेय."

लेक हसली. रंगूबाईही हसली. पण त्या क्षणी तिला सगळं सांगून टाकावंसं वाटलं होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? रंग आपोआप फिरतात म्हणणाऱ्या बाईला कोण एकटं ठेवील? ती लेकीला जिन्यापर्यंत सोडायला गेली.

४

रंगूबाई भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. विश्वास ठेवायला वेळ लागतो आणि तिच्यापाशी तो नव्हता. तिनं शोध घ्यायचा ठरवला, तोही धड पद्धतीनं.

आधी स्वतःवरच संशय. झोपेत उठून आपणच रंगवत असू. म्हणून तिनं सगळे ब्रश धुऊन, गुंडाळून, ट्रंकेत घातले आणि वर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा ठेवला. सकाळी गठ्ठ्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. फळीवर आणखी दोन रोबो बदलले होते. मग तिनं अजून न बदललेल्या एका रोबोवर वॉर्निशचा जाड हात दिला. त्यावरून कुणी रंगवलं तर बोटाला कळलंच पाहिजे. वॉर्निश वाळलं, काचेसारखं गुळगुळीत झालं आणि त्याच्या आत, अखंड थराच्या खाली, उजळ रेघ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली.

आपलं डोकं ठिकाणावर आहे का, असं तिनं स्वतःला विचारलं. पण डोकं बिघडलेल्या बाईला वॉर्निशची युक्ती सुचेल का, असंही विचारलं, आणि पुढच्या कामाला लागली.

तिनं रोबो फळीवरून उतरवून टेबलावर अस्ताव्यस्त तोंडं करून ठेवले. एक खिडकीकडे, एक दाराकडे, एक तिच्याकडे पाठ करून. काही रोबो आता समोरून उजळले, काही पाठीवर. पाहताना नुसता गोंधळ वाटे. तेव्हा तिनं शिवणाच्या पेटीतून पांढरा दोरा काढला. एकेका रोबोच्या सगळ्यात उजळ कडेला दोऱ्याचं टोक धरायचं आणि उजेड जिकडून आला असेल तिकडे दोरा ताणत न्यायचा. पहिला दोरा खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेला, कपाट आणि भिंत ह्यांच्या मधल्या जागेत. दुसराही तिथंच गेला. तिसरा तिनं सावकाश ताणला.

सगळे दोरे त्या कोपऱ्यात एका ठिकाणी भेटत होते. जमिनीपासून वर, दिवा हातात धरून उभ्या असलेल्या माणसाचा हात असावा तेवढ्या उंचीवर.

तिथं दिवा नव्हता. तो कोपरा त्या खोलीतला सगळ्यात काळोखा कोपरा होता, भरदुपारीसुद्धा.

५

तिनं कपाट ओढलं. एकटीनं, पाय भिंतीला रोवून. मागे धूळ निघाली, एक हरवलेलं मोजपट्टीचं भेंडोळं निघालं आणि भिंत निघाली. भिंतीवर तिनं हात फिरवला, टकटक केलं, कान लावला. भिंत भिंतीसारखीच गार होती. जमीन पुसून काढली, कारण कपाट हललंच आहे तर पुसून घ्यावं. मग तिथंच स्टूल ठेवून ती बसली, भिंतीकडे पाठ आणि टेबलाकडे तोंड करून. म्हणाली, "बघू या कोण येतंय ते."

कुणी आलं नाही. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. दुपार हळूहळू खिडकीतून उतरली. रंगूबाईला चक्क कंटाळा आला, आणि कंटाळा आला म्हणून धीर आला. ती उठली, टेबलापाशी गेली आणि सवयीनं भिंग उचललं.

रोबोंवरचा उजेड आता अखंड नव्हता. प्रत्येकावर कुठे ना कुठे काळा भाग पडला होता, एकाच्या छातीवर, एकाच्या अर्ध्या चेहऱ्यावर, एकाच्या नुसत्या पायावर. तिनं ते एका ओळीत, अंगाला अंग लावून उभे केले. तुकडे जुळले. स्टुलाचे पाय, त्यावर बसलेलं माणूस, मांडीवर ठेवलेले हात, डोक्यावर अंबाडा.

ती तिची स्वतःची सावली होती. रंगूबाई कोपऱ्यात उजेडाच्या आड बसली होती, आणि रोबोंनी तेवढं प्रामाणिकपणे दाखवलं होतं.

रंगूबाई खाली बसली. ती घाबरली होती. पण त्या भीतीतसुद्धा एक समाधान होतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. डोळे ठीक होते. हात ठीक होता. चूक तिची नव्हती.

६

संच द्यायच्या दिवशी सकाळी ओळ तशीच उभी होती. सावलीही होती. फक्त आता ती बसलेली नव्हती.

स्टूल रिकामं दिसत होतं, पट्ट्यापट्ट्यांनी, चार रोबोंच्या पायांवर. सावली स्टुलाच्या पुढे उभी होती. उंच होती, ओळीच्या वरून निघून जाईल इतकी. तिला अंबाडा नव्हता. एक हात थोडा उचललेला होता, अंधारात चालताना माणूस पुढे धरतं तसा.

त्याच वेळी लेकीचा फोन आला.

"आई, दुपारी मालकांबरोबरच येते मी. माझ्यासमोरच होऊन जाऊ दे. तयार आहे ना सगळं?"

रंगूबाईनं ओळीकडे पाहिलं. दोन वाटा होत्या. ये आणि मला घेऊन जा, असं म्हणायचं, की ब्रश काढायचा. पण सुंभ जळला तरी पीळ जायचा नव्हता. हे घर तिनं नवऱ्याच्या मागे सांभाळलं होतं, ह्या टेबलावर लेकीला वाढवलं होतं, आणि एका कोपऱ्यानं सांगावं म्हणून ती ते सोडणार नव्हती.

"तयार आहे," ती म्हणाली. "या तुम्ही."

तिनं ट्रंकेतून ब्रश काढले. मऊ स्पंजाचे कप्पे असलेलं, घट्ट झाकणाचं खोकं जवळ ओढलं. एक रोबो घ्यायचा, वरची अंगं पुन्हा रंगवायची, सावली खोडायची, उजेड डाव्या खांद्यावर आणायचा, पंख्यासमोर वाळवायचा आणि लगेच खोक्यात घालून झाकण लावायचं. झाकणाच्या आत कसला उजेड पोचतोय? काम करताना ती कोपऱ्याकडे पाठ करून, खांदे रुंद करून टेबलावर ओणवली होती. पाणी प्यायलाही उठली नाही. तिच्या आयुष्यात हात इतका स्थिर कधी चालला नव्हता. शेवटच्या रोबोच्या काचेत तिनं पांढरा ठिपका दिला आणि जिन्यात पावलं वाजली.

७

मालक पोरगेलासा होता आणि तिला काकू म्हणे. त्यानं खोकं टेबलावर उघडलं तशी रंगूबाई दोन पावलं मागे सरकली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली, कोपरा आणि टेबल ह्यांच्या बरोबर मध्ये. हात मागे बांधले.

"बस ना आई. अशी पहाऱ्यावर काय उभी?"

"बसून बसून पाय अवघडलेत. तुम्ही बघा."

मालकानं एकेक रोबो खिडकीशी नेला, फिरवला, भिंगातून पाहिला आणि टेबलावर ठेवला. लेकीनंही पाहिला, त्याच्यापेक्षा जास्त वेळ. रंगूबाई त्या दोघांच्या हातांकडे पाहत होती आणि हातांबरोबर इंच इंच सरकत होती. रोबो डावीकडे ठेवला की ती डावीकडे. पाठीला काहीतरी जाणवेल असं तिला वाटलं होतं, ऊब किंवा गारवा. काहीच जाणवलं नाही. खोलीत तिघांखेरीज कुणाचा श्वासही ऐकू येत नव्हता.

"काकू, ह्यांच्यासमोर मागचे संच फिके वाटायला लागलेत," मालक शेवटी म्हणाला. "एकही परत नाही. सगळे घेऊन चाललो."

लेकीनं भिंग खाली ठेवलं. तिचे डोळे भरले होते.

"हरले मी. आणि खरं सांगू? बरं वाटतंय हरल्यावर. तू इथं ठीक आहेस, मीच उगीच जीव टांगून बसले होते. आता सारखी येऊन तुला छळणार नाही, वचन देते."

ती आईला मिठी मारायला पुढे आली.

"नको," रंगूबाई म्हणाली. मग घाईनं, "अंगाला रंग आहे माझ्या. कपडे खराब होतील."

लेकीनं तिचा गाल तेवढा कुरवाळला. खोकं बंद झालं, दोघं जिना उतरली. रंगूबाई खिडकीशी गेली. खाली लेकीनं वर पाहून, जिंकणाऱ्या पैलवानाचा उचलतात तसा, आपलाच एक हात दुसऱ्या हातानं उंच धरून दाखवला. रंगूबाईला हसू फुटलं. हाक मारायला तिनं तोंडही उघडलं होतं, पण हाक मारून सांगायचं काय? जिंकलेल्या माणसाला तक्रार करता येत नाही. लेक कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली.

टेबल रिकामं होतं. उजेड पडायला खोलीत आता तिच्याखेरीज दुसरं काही उरलं नव्हतं.

तिनं मागे बांधून ठेवलेले हात खिडकीच्या उजेडात धरले. उजव्या हाताच्या पाठीवर, प्रत्येक सांध्याच्या कडेला, केसाएवढी उजळ रेघ होती. प्रत्येक रेघेच्या शेवटी एक बारीक शेपूट. मनगटावर सावली पडली होती, चार बोटं आणि एक अंगठा, पकडायला उघडलेल्या पंजाची. तिच्या कडा धारदार होत्या. रंगूबाईनं आयुष्यभर सावल्या काढल्या होत्या. कडा इतकी स्वच्छ केव्हा येते हे तिला कुणी सांगायला नको होतं. सावली पाडणारी वस्तू अगदी जवळ, जवळजवळ टेकलेली असते तेव्हा.

तिनं साबणानं धुतलं. मग रंग उतरवायचं औषध लावून पाहिलं. कातडी लाल झाली, सावली होती तिथंच राहिली.

बरं, रंगूबाई मनात म्हणाली. धुऊन जात नाही तर वरून रंगवू. कोपऱ्याकडे न पाहता ती खुर्चीवर बसली. पिवळसर, तांबूस आणि चिमूटभर करडा घेऊन तिनं स्वतःच्या कातडीचा रंग कालवला, ब्रशला टोक काढलं आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. हात स्थिर होता. उजवा हात डाव्यानं, मग डावा उजव्यानं, मग मनगटं, मग दंड, जिथपर्यंत ब्रश पोचेल तिथपर्यंत ती रंगवत गेली.

पाठीपर्यंत मात्र तिचा हात पोचत नव्हता.